बिनतारी जाळे आणि दाराची कडी



रेडिओची आपली ओळख जुनी. दूरच्या केंद्रावरून निघालेल्या लहरी तारेवाचून घरात येतात, हे आता कोणाला नवल वाटत नाही. घरच्या संगणकासाठी जे ‘वाय-फाय’ बसवतात, ते या रेडिओचेच धाकटे भावंड. फरक एवढाच, की रेडिओ नुसता ऐकतो. वाय-फायवर संगणक ऐकतो आणि बोलतोही.

बिनतारी यंत्र बाळगायचे तर १९३३ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागे. पोस्टात जाऊन काढलेले रेडिओचे लायसन जुन्या मंडळींना आठवत असेल. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना मात्र सरकारने २००५ साली घरात आणि घराबाहेरही परवान्यातून मोकळीक दिली.

आता मांडणी कशी करायची? इंटरनेटची तार ज्या पेटीला जोडतात, तिला राउटर म्हणतात. ही पेटी शक्यतो घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवावी. पत्रा, लोखंडी कपाट आणि आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती लहरींना अडवतात. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर जाळ्याचे नाव आणि पासवर्ड बहुधा छापलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात पंख्यासारखी खूण दिसते. ती दाबली की आसपासच्या जाळ्यांची यादी उघडते. त्यातले आपले नाव निवडावे आणि पासवर्ड टाकावा. इंग्रजी अक्षरे लहान-मोठी जशी असतील तशीच टाकायची, म्हणजे जोडणी झाली.

पण एवढ्यावर थांबू नका. लहरी काही उंबरठ्याशी थांबत नाहीत. त्या रस्त्यावरही जातात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढीत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. त्या घरातले वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. चौकशीला मात्र त्या घरात राहणाऱ्याला तोंड द्यावे लागले.

म्हणून तीन गोष्टी कराच. चिठ्ठीवरचा पासवर्ड बदलून लांबलचक ठेवा. त्यात आपले नाव किंवा मोबाईलचा नंबर नको. राउटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. आणि सुरक्षेच्या यादीत ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडा. ‘ओपन’ कधीही नको.

कोणी म्हणेल, मग शेजारधर्माचे काय? त्याचीही सोय आहे. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढता येते. शिक्षकबंधू-भगिनींनो, शाळेतही कार्यालयाचे जाळे आणि मुलांचे जाळे असेच वेगळे ठेवावे.

पाहुण्याला आपण घरात घेतो, चहा देतो. पण म्हणून कोणी रात्री दार उघडे टाकून निजत नाही. वाय-फायलाही तेवढी कडी हवीच.