वेगाचा दंड कोण भरतो?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला विचारले, "ह्या वर्षी तुम्ही कशावर बोलणार?" तेव्हा मी म्हटले, मोटारसायकलवर. त्या हसल्या. त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. आपल्या मंडळात आजवर लोणची-मुरंब्यांवर, बालसंगोपनावर, बचतीवर भाषणे झाली. मोटारसायकल हा विषय पुरुषांचा, असे आपण धरून चालतो. परंतु मला सांगा, आज शिराळ्यात असे घर किती आहे, की ज्याच्या दारात दुचाकी उभी नाही? आपण बँकेत जातो ती तिच्यावर, माहेरी जातो ती तिच्यावर, नातवाला शाळेत पोहोचवतो तीही तिच्यावर. आपल्या कित्येक सुना-मुली ती स्वतः चालवितात. मग तिच्याबद्दल बोलायला आपण बायकांनी का लाजावे?

मी आज जे सांगणार आहे त्यात उपदेश थोडा आणि कबुली जास्त आहे.

आमच्या घरची मोटारसायकल माझ्या नावावर आहे. बचत गटाच्या कर्जातून ती घेतली, म्हणून कागदपत्रांवर नाव माझे आणि फोनचा नंबरही माझा. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. परवाना रीतसर काढलेला. गाडी घेतल्यावर काही महिन्यांनी माझ्या फोनवर एक संदेश आला. पेठकडच्या रस्त्यावर गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गेली, सबब एवढा दंड. मी काय केले असेल? भगिनींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणी जे करतील तेच केले. दुधाच्या पैशांतून दंड भरला आणि संदेश पुसून टाकला. ह्यांना कळले तर पोराला बोलतील, जेवणावरून उठवतील, अशी भीती. पोरालाही काही बोलले नाही. परीक्षा जवळ आली होती, त्याचे मन कशाला दुखवा? पुढे दोन महिन्यांनी दुसरा संदेश आला. त्याचीही मी तीच वाट लावली.

म्हणजे वेग त्याने घेतला आणि दंड मी भरला. ज्याला शिक्षा व्हायची त्याला ती झाल्याचे ठाऊकसुद्धा नाही!

त्यानंतर श्रावणात, पाऊस नुकताच उघडलेला असताना, पेठहून येताना त्याला अपघात झाला. समोरून येणारी एक मोटार उजवीकडच्या फाट्याला वळत होती. हा तिच्या डाव्या अंगावर आदळला. पाय दोन ठिकाणी मोडला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून आज तो मला आई म्हणतो आहे.

इस्पितळात त्या मोटारीचे मालक उभे होते. परगावचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनीच त्याला आपल्या मोटारीत घालून आणले होते आणि आम्ही पोहोचेपर्यंत ते तिथून हलले नव्हते. मी त्यांना काय काय बोलले ते ह्या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. मोठी गाडी ती, तेव्हा दोष तिचाच, हा आपल्याकडचा न्याय. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "ताई, मला गाडी दिसली होती. पण ती इतक्या लवकर जवळ येईल असं वाटलं नाही."

चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, त्यांची एकट्याची चूक नव्हती. मी ऐंशीच्या वर होतो." तेव्हा मी त्याला त्या दोन संदेशांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. परंतु त्या सहा महिन्यांत, त्याच्या उशाशी बसून, मी ह्या विषयाची माहिती मिळवली. ती तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वेगाची. ताशी साठ किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्याला चटकन उमगत नाही. आपल्या मापाने सांगते. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अशी दोन लुगडी उलगडावीत इतका रस्ता मागे टाकते. समोर काही आडवे आले, ते डोळ्यांना दिसले, मनाने ओळखले आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच दोन लुगडी संपली! गाडी थांबायला रस्ता लागतो तो त्यापुढचा. आणि वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. चाळीसच्या वेगात जो मार बसेल त्याच्या चौपट ऐंशीत बसतो. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. समोरून येणारी मोटार रुंद असते. जवळ येताना ती भराभर मोठी होत जाते, त्यावरून आपला डोळा तिचा वेग ताडतो. मोटारसायकल समोरून पाहिली तर अरुंद. ती पुष्कळ जवळ येईपर्यंत लहानच दिसते, म्हणून ती दूर आहे आणि हळू येते आहे असा भास होतो. शिवाय मोटारीच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात त्यांच्याआड अख्खी दुचाकी लपू शकते. म्हणून मोटार चालवणाऱ्याने वळण्यापूर्वी एकदा पाहून भागत नाही, मान हलवून दुसऱ्यांदा पाहावे लागते. आणि दुचाकीवाल्याने असे धरून चालावे की मी त्याला दिसलेलो नाही.

आता कायद्याकडे वळू. २०१८ साली केंद्र सरकारने वेगाच्या कमाल मर्यादा ठरवून दिल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि मोटारसायकलला ८०. शिराळ्यासारख्या भागातील इतर साध्या रस्त्यांवर मोटारीला ७० आणि मोटारसायकलला ६०. ह्या वरच्या मर्यादा झाल्या. जागा पाहून त्या आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. तरुण मुले म्हणतात, "मोटारवाल्याला सत्तर आणि आम्हाला साठ, हा कुठला न्याय?" त्यांना सांगावे, बाबा, त्याच्याभोवती पत्र्याचे घर आहे, त्याला पट्टा आहे. तुझ्याभोवती फक्त सदरा आहे.

दुसरी तक्रार अशी की पोलीस झाडाआड उभे राहतात आणि पैसे गोळा करतात. ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मर्यादा किती हे सांगणारी पाटी ठळक आणि वेळेवर दिसली पाहिजे, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. नुसते हेल्मेट नसलेल्या दुचाकीवाल्याला अडवायचे आणि भरधाव मोटारीकडे काणाडोळा करायचा, हेही बरोबर नाही. ज्याच्या हाती जास्त वजन आणि जास्त जोर, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या तांबड्या दिव्याशिवाय, चमकत्या पट्टीशिवाय रस्त्याने जातात, त्यांनाही कुणीतरी विचारले पाहिजे. परंतु ह्या सगळ्या तक्रारी खऱ्या धरल्या तरी माझ्या मुलाचा वेग काही कमी होत नाही. वेग मोजणारे यंत्र किरण सोडते, तो गाडीवर आपटून परत येतो, त्यावरून वेग कळतो. त्याला माणसाची जात, पक्ष, ओळखपाळख काही कळत नाही. आपल्यालाच ते कळते, म्हणून आपण फोन करायला धावतो.

२०२२ सालचे केंद्र सरकारचे आकडे सांगते. देशात त्या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची शंभरात चव्वेचाळीसांहून जास्त. एकूण मृत्यूंपैकी शंभरात एकाहत्तर मृत्यूंच्या अपघातांत कारण अतिवेग असे नोंदले आहे. हेल्मेट नव्हते अशी ५०,०२९ माणसे गेली आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. भगिनींनो, मागे कोण बसते? आपण बसतो. अंबाडा मोडतो, पदर सरकतो म्हणून हेल्मेट नको म्हणतो. कायदा मात्र चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही ते घालायला सांगतो.

ह्या हेल्मेटची कथा ऐकण्यासारखी आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेले इंग्रज अधिकारी लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुलांना चुकवताना पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे तरुण शल्यवैद्य होते. तो मृत्यू त्यांच्या मनाला लागला. त्यांनी लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला. सर्वसामान्यांवर हेल्मेटची सक्ती प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९६१ साली झाली, खुद्द ब्रिटनमध्ये १९७३ साली. आपल्या पुण्यात २०१९ साली सक्ती होताच तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. मोर्चा काढण्याचा हक्क ज्याला त्याला आहे. परंतु माझ्या मुलाच्या हेल्मेटला पडलेली ती भेग मी माझ्या हाताने चाचपली आहे.

आपल्या घरापुरत्या आणखी काही गोष्टी सांगते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही एवढे आच्छादन असावे, मागच्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा असावी, असा १९८९ च्या नियमांत नियम आहे. तो आपल्या पदरासाठी आहे. शोभा जाते म्हणून मुले ते आच्छादन काढून टाकतात. ते परत बसवून घ्या. चार वर्षांखालील मूल गाडीवर असेल तर वेग चाळीसच्या वर नेता येत नाही आणि मुलाला बांधणारा पट्टा लागतो, हा नियम २०२३ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पोरगा दहावीत पहिला आला म्हणून त्याला किल्ली देणाऱ्या आयांनी हे ऐकून ठेवावे.

ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनाही एक विनंती. थांबल्यावर दार उघडताना दाराजवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. अंग आपोआप वळते आणि मागून येणारी दुचाकी दिसते. आणि अपघातात सापडलेल्याला उचलायला भिऊ नका. मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा इस्पितळाने अडकवून ठेवू नये, असे संरक्षण आता कायद्यानेच दिले आहे. ते परगावचे गृहस्थ भ्याले असते, तर माझा मुलगा रस्त्यावरच राहिला असता. पुढे मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांच्या पत्नीने मला चहा दिला. त्याही घाबरून महिनाभर जेवल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळले. अपघात दोन्ही घरांत झाला होता.

आपण शिराळ्याच्या बायका. नागाचा मान राखणारे हे गाव. मान राखणे म्हणजे त्याची ताकद ओळखणे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दारातल्या गाडीचीही ताकद तशीच ओळखली पाहिजे.

शेवटी माझी सूचना एवढीच. दंडाचा संदेश आला तर तो लपवू नका, गुपचूप भरू नका आणि कुणाला फोन करून मिटवूही नका. रात्री जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ज्याने वेग घेतला त्यानेच तो स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून भरावा. पोलीस एका वळणावर उभा असतो, आपण उंबऱ्यावर रोज असतो. आणि मागे बसलेली असताना भीती वाटली, तर "हळू चालव" म्हणायला संकोचू नका. नवरा असो, दीर असो, मुलगा असो. ऐकले नाही तर उतरून चालू लागा. मी एकदा उतरले आहे. ह्यांना राग आला, पण पुढच्या वेळी गाडी हळू चालली.

माझा मुलगा आता जरासा लंगडत चालतो. परवा तो पुन्हा गाडीवर बसला. मी अडवले नाही. जाताना त्याने फोनचा नंबर बदलून घेण्याविषयी विचारले. दंडाचा संदेश यापुढे त्याच्याच फोनवर यावा, असे त्याचे म्हणणे. मी सांगितले, "नंबर माझाच राहू दे. पण आला तर तुला दाखवीन."