विसरण्याची किंमत



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी सातवी झालेला माणूस. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, कोश शेजारी ठेवून. तेव्हा मानसशास्त्राचा आव न आणता मी आज माझी एक चूकच सांगणार आहे.

२००९ साली आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एका कामगाराचा हात गेला. शेजारच्या हेल्परने ते डोळ्यांनी पाहिले. प्रेसचा गार्ड त्या सकाळी कोणी काढला, हा सगळा प्रश्न होता. कारण कामगाराने स्वतःच जाणूनबुजून गार्ड काढला असे ठरले, तर तेव्हाच्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रकरणात मालक भरपाईतून सुटू शकत असे. चौकशीत हा हेल्पर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आठवत नाही." बाहेर व्हरांड्यात मी त्याला चारचौघांत विचारले, "किती घेतलेस?"

पुढे दुसरा साक्षीदार मिळाला, भरपाईही मिळाली. ते असो. पण त्या हेल्परच्या घरी गेलो, तेव्हा त्याची बायको सांगू लागली. तो प्रसंग डोळ्यांसमोर आला की हा मान झटकतो, उठून उभा राहतो. आठवायचेच नाही असा त्याने पण केला आहे. आणि तेव्हापासून डबा गाडीत राहतो, रेशनचे पैसे देतो आणि धान्य दुकानातच ठेवून येतो, आज कोणती पाळी ते तिला विचारतो. मला वाटले, नवऱ्याची बाजू सावरते आहे.

बऱ्याच वर्षांनी एक निबंध हाती आला. मायकेल अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली दाखवले होते, की एखादी आठवण मुद्दाम पुनःपुन्हा दाबली तर ती पुढे खरोखरच आठवेनाशी होते. फ्रॉइडसाहेब नकळत दडपण्याविषयी बोलत. हे जाणूनबुजून दाबणे. २०१६ साली हल्बर्ट, हेन्सन आणि अँडरसन यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. मग एक शब्द दाखवून, त्याचा जोडीदार मनात येऊ द्यायचा नाही, असे सांगितले. मध्ये मध्ये भलतीच चित्रे दाखवली. मोटारी उभ्या करायच्या जागेत मोर, असली. दाबण्याच्या कामाच्या आगेमागे पाहिलेली ही चित्रे लोकांना फार कमी आठवली. वास्तविक मोराने कोणाचे काय बिघडवले होते!

कारण असे, की कपाळामागचा भाग मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला आवरून धरतो. जुनी आठवण वर काढणारा तोच आणि नवी नोंदवणाराही तोच. बिघडलेले एक यंत्र थांबवायला खात्याचा मेन स्विच पाडावा, तशी शेजारची यंत्रेही थांबतात.

आता प्रयोगशाळेतला हिशेब सेकंदांचा आहे. सकाळचा गार्ड त्यामुळेच पुसला गेला, असे मी म्हणणार नाही. पण डब्याचे आणि रेशनचे मला पटले. तेव्हापासून अपघाताची जबानी आम्ही त्याच दिवशी लिहून घेतो. नंतर कोणी "आठवत नाही" म्हणाला, तर त्याच्या अंगावर जात नाही.

निबंध वाचल्यावर मी त्या हेल्परकडे माफी मागायला गेलो. व्हरांड्यातले माझे शब्द मीच त्याला सांगितले. त्याने चहा पुढे केला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही असं कधी बोललात? मला तर नाही आठवत."

खरेच विसरला होता, की मला सोडवत होता, हे मी त्याला विचारले नाही.