ट्रॉलीचा मागचा दिवा का लागत नाही?



ऊसतोडणीचा हंगाम आला की रात्रीबेरात्री ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लख्ख असतात, पण ट्रॉलीमागे अंधार. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ऊस दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. म्हणून ट्रॉलीच्या दिव्यांची वायरिंग घरच्या घरी कशी तपासायची, ते आज पाहू.

दिवा लागत नाही म्हणून लगेच नवा बल्ब आणायची घाई करू नका. मी ती केली होती. आमच्या घरच्या ट्रॉलीला दसऱ्याआधी नवा रंग दिला आणि मागचे दिवे मिणमिणू लागले. दोन बल्ब बदलले, फरक नाही. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टर चालकाने दिव्याचा बोल्ट सोडवला, खालचा रंग काचकागदाने खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला. दिवा लख्ख! शेतीची पदवी घेतलेला मी बघतच राहिलो.

झाले होते असे. वीज बॅटरीच्या प्लसकडून वायरने दिव्यापर्यंत जाते, पण मायनसला परत यायलाही तिला वाट लागते. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. रंगाने ती अडवली होती. पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते, हुकाच्या लोखंडावर भागवलेले असते. हुकाला गंज, माती, ग्रीस. मग खड्ड्यात आदळले की दिवा लागतो, पुन्हा आदळले की विझतो.

अर्थ बिघडल्याची खूण सोपी आहे. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा उजळण्याऐवजी मंद होतो, किंवा एका बाजूचा इंडिकेटर लावला की दुसरे दिवेही त्याच्याबरोबर मिणमिणतात. खात्री करायची तर एक लांब वायर घ्या. तिचे एक टोक बॅटरीच्या मायनसला जोडा, दुसरे दिव्याच्या लोखंडी बैठकीला टेकवा. दिवा उजळला तर दोष अर्थचाच. मग प्लगमधून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर टाका, आणि ती जिथे बोल्टने आवळाल तिथला रंग खरवडून घ्या.

अर्थ ठीक असेल तर टेस्ट लॅम्प हवा. १२ व्होल्टचा इंडिकेटरचा जुना बल्ब होल्डरमध्ये बसवा, दोन वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. ट्रॉलीचा प्लग काढा. टेस्ट लॅम्पची एक वायर ट्रॅक्टरच्या स्वच्छ लोखंडाला धरा, दुसरी मागच्या सॉकेटच्या एकेका छिद्रात लावा. दुसऱ्या माणसाला दिवे, इंडिकेटर, ब्रेक असे क्रमाने लावायला सांगा. इथे बल्ब लागला तर ट्रॅक्टर निर्दोष, बिघाड ट्रॉलीत. नाही लागला तर ट्रॅक्टरचा फ्यूज आणि स्विच पाहा. दोन ट्रॉल्या असतील तर मागचीची वीज पुढचीतून जाते, तेव्हा आधी पुढची तपासा.

प्लगच्या पितळी पिना हिरवट झाल्या असतील तर घासा. पिना चिरलेल्या असतात, त्यांची फट सुरीच्या टोकाने किंचित रुंद करा म्हणजे घट्ट बसतात. वायर कुठे घासते, उंदराने कुठे कुरतडली आहे, तेही पाहा. हुकाजवळ वायरीला थोडी ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर तुटते. मात्र ती रस्त्याला घासेल इतकी लोंबू देऊ नका.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर काही मंडळी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळतात. हे करू नका! २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, मागचा ५ वॅटचा तर अर्ध्या अँपिअरहूनही कमी. एवढ्याशा भाराने चांगला फ्यूज जात नाही. कुठेतरी उघडी वायर लोखंडाला टेकलेली असते. तिथे कागद घातला की फ्यूज टिकतो आणि वायर तापून पेट घेते. शेजारी डिझेल, मागे वाळलेले पाचट.

ट्रॉली सोडून रस्त्याकडेला उभी केली की प्लग निघाला, दिवे गेले. त्यासाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टर लावाच, आणि बाहेर आलेल्या उसाने ते झाकले नाहीत ना, हे फडातून निघतानाच पाहा.