खिडकी बदलताना आधी वायर बघा



उन्हाळा म्हणजे आपल्याकडं घरदुरुस्तीचे दिवस. सुगी आटोपलेली असते आणि मिरगाच्या आत काम उरकायचं असतं. वाळवी लागलेली चौकट काढून लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमची खिडकी बसवायला गटातून कर्जही घेतलं जातं. किल्लारी भागात १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेली घरं आता तीस वर्षांच्या आसपास आली. अशा घरांत खिडक्या जुन्या झाल्या, तशा वायरीही जुन्या झाल्या. म्हणून आज खिडकीजवळच्या विजेबद्दल बोलू.

गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी येतो, "ताई, मेन स्विच बंद केला की झालं ना?" नाही झालं. मेन स्विच बंद केल्यानं मीटरच्या पुढची, म्हणजे घरातली वीज जाते. खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरीत करंट तसाच असतो. आणि मीटर तर बहुतेक घरी दारा-खिडकीशेजारीच असतो. लांब लोखंडी चौकट उचलताना ती वायर घासली, साल निघाली, की चौकट धरणाऱ्याला सरळ झटका बसतो.

म्हणून काम ठरवताना आधी बाहेरून भिंत बघा. खांबावरची वायर किंवा मीटर चौकटीच्या, शिडीच्या टप्प्यात येतो का? येत असेल, तर महावितरणच्या वायरमनला सांगून वीज खांबावरूनच तोडून घ्या. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे. मीटर सरकवायचा असेल तर महावितरणच्या ऑफिसात अर्ज द्या. मीटरचं सील आपण तोडायचं नाही. गावातलं धाडसी पोरगं खांबावर चढवायचं तर मुळीच नाही.

मग आतून बघा. बोर्डाच्या वायरी बहुतेक भिंतीत सरळ वर किंवा खाली गेलेल्या असतात. त्या रेषेत छिन्नी, ड्रिल चालवू नका. मेन बंद करा आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. लाईट गेली तरी इन्व्हर्टर भिंतीतल्या वायरीत वीज सोडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून बघा, मगच त्याच्यावर विश्वास ठेवा. मेनपाशी एक माणूस थांबवा, म्हणजे कुणी नकळत बटण दाबणार नाही. शिडी लाकडाची किंवा बांबूची घ्या, पायात कोरडी चप्पल हवी. भिंत ओली असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

नवी खिडकी बसली की काळजी संपत नाही. आपल्याकडं कूलर खिडकीतच बसतो. पत्र्याचं अंग, आत पाणी आणि वीज, शेजारी लोखंडी जाळी. त्याला तीन पिनांचा प्लग आणि चांगलं अर्थिंग पाहिजे. पाणी भरताना प्लग काढायचाच. कपडे वाळवायची तार खिडकीच्या गजाला बांधू नका, नायलॉनची दोरी लावा. कुठं वायर गजाला टेकली, तर तारेवरचा ओला कपडा काढायला बाईच जाते. आणि मेनपाशी ३० मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. करंट जमिनीत गळायला लागला, की ते वीज तोडतं.

कुणाला झटका बसलाच, तर धावत जाऊन हात धरू नका. आधी मेन पाडा. जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला सारा आणि १०८ ला फोन करा. पण खांबाची तार तुटून पडली असेल तर लाकूड घेऊनही जवळ जाऊ नका, वीज बंद झाल्याची खात्री करा.

गवंडी म्हणेल, "काही होत नाही बाई, रोज करतो." घरधनी म्हणेल, "एका दिवसाची मजुरी बुडते." बुडू द्या. काम चालू असताना चहा द्यायला, विटा उचलायला, लेकरं सांभाळायला तिथं तुम्हीच असता. मग थांबवायचा हक्कही तुमचाच आहे. यापुढं गटातून घरदुरुस्तीचं कर्ज मागताना सिमेंट, चौकट, मजुरीबरोबर वायरमन आणि आरसीसीबीचा खर्चही धरा. आणि येत्या बैठकीत प्रत्येकीनं सांगा, आपल्या खिडकीपासून मीटर किती हात लांब आहे.