मधल्या वयाची पुस्तकं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'हल्लीची मुलं वाचत नाहीत' ही तक्रार आपण सगळेच करतो. आज मी ती करणार नाही. चौथी ते आठवीत शिकणाऱ्या मुलाच्या हातात कोणतं पुस्तक द्यावं, असा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. त्याबद्दल चार शब्द बोलतो.

हे वय मोठं अडनिडं असतं. चित्रांची पातळ पुस्तकं मुलाला 'लहान पोरांची' वाटू लागतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. या चार-पाच वर्षांत त्याला आवडीचं पुस्तक भेटलं नाही, तर पुस्तक म्हणजे परीक्षा, हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. मग पुढं कितीही सांगा, उपयोग होत नाही.

आपल्या सोलापुरात तर या गोष्टीला आणखी एक पदर आहे. इथं घराघराची बोली निराळी. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आमच्या मोहल्ल्यात दखनी. अशा कितीतरी मुलांना पुस्तकी मराठी शाळेतच पहिल्यांदा भेटते. माझंही तसंच झालं. मराठीच्या पेपरात मार्क बरे पडायचे, पण वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की जीभ अडखळायची. आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलो आहोत आणि जपून बसलं पाहिजे, असं वाटायचं. हे अवघडलेपण घालवलं ते वाचनालयातून आणलेल्या गोष्टीच्या पुस्तकांनी. पुढं काय झालं, या ओढीनं पानं उलटताना भाषा आपली की परकी, हे लक्षातच राहत नव्हतं. पुढं मी मराठीत कविता लिहू लागलो, त्याचं मूळ त्या फाटक्या पुस्तकांत आहे. म्हणून मुलाला पुस्तक देणं मला नुसती हौस वाटत नाही. भाषा त्याची होणार की पेपरापुरती राहणार, हे त्यावर ठरतं.

आता पुस्तकांकडे वळू. सुरुवात मौजेनं करावी. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आजही पोरांना धरून ठेवतो. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे, त्याची सायकल आणि अंगाशी येणारी साहसं! नववं-दहावं वर्ष लागलेल्या मुलाला यातला एखादा भाग द्या, दुसरा तो स्वतः मागायला येईल. त्याच्या जोडीला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' ठेवा. हा बोक्या आधी आकाशवाणीवरून घराघरांत पोचला आणि मग पुस्तकात आला. त्यामुळे तो मोठ्यानं वाचायला फार छान आहे. २०११ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला.

ज्या मुलाला पक्षी, प्राणी, रान यांचं वेड आहे, त्याच्यासाठी सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' ही कादंबरी आणा. तिला २०१९ सालचा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. मुल्ला हे आडनाव मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर पाहून आमच्या मोहल्ल्यातल्या पोराला काय वाटेल, ते मी सांगायला नको. पोरगं थोडं मोठं झालं की त्याला मारुती चितमपल्लींकडे न्या. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. १९३२ साली इथंच जन्मले, आयुष्य वनखात्यात रानावनात काढलं, २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ साली इथंच गेले. त्यांचं 'रानवाटा' सहावी-सातवीच्या मुलाला एकदम झेपणार नाही. एकेक लेख तुम्ही वाचून दाखवा. मग एखाद्या रविवारी नान्नजच्या माळरानावर घेऊन जा. माळढोकासाठी राखलेलं ते रान आपल्या जिल्ह्यातच आहे.

अनुवाद परके मानू नका. 'तोत्तोचान' ही तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेची स्वतःच्या शाळेची हकिकत. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ती मराठीत आणली आणि नॅशनल बुक ट्रस्टनं छापली. जुन्या रेल्वे डब्यांत भरणारे वर्ग आणि लहान मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. मुलाच्या आधी आई-वडिलांनी वाचावं असं हे पुस्तक आहे. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्टही अवश्य द्या. ईदेच्या जत्रेत बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात, आणि छोटा हामिद आपल्या तीन पैशांत दादीसाठी चिमटा आणतो, कारण तव्यावर तिची बोटं भाजतात. ही गोष्ट कळायला कुठलाही धर्म आड येत नाही.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' सुचवतो. त्यातला लंपन बेळगावकडच्या वळणाचं, कन्नडचा सूर असलेलं मराठी बोलतो. आपली बोली ऐकून कुणी हसेल म्हणून गप्प बसणाऱ्या मुलाला लंपन मोठा धीर देतो.

मी कवी, तेव्हा कवितेची शिफारस केल्यावाचून राहवत नाही. विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' हे संग्रह घरात असावेत. अर्थ विचारू नका. ताल धरा, तेवढं पुरे.

'श्यामची आई'चं काय, असं तुम्ही विचाराल. हे पुस्तक थोरच आहे, पण आपण ते औषधासारखं देतो. मूल उलट बोललं की 'श्यामची आई वाच!' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं आणि त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' असं नाव दिलं. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. तेव्हा रोज जेवणं झाल्यावर एक 'रात्र' मोठ्यानं वाचा. उपदेश वेगळा करावा लागणार नाही.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चे कुमार गटासाठीचे भाग घ्या. चांगल्या मराठी साहित्यातले वेचे त्यात चित्रांसह मिळतात. पैशांची अडचण असेल, तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल मुलाच्या हातात असतोच, त्यात हेही असू द्या.

शेवटी पालकांना तीन विनंत्या. पुस्तक मुलाला निवडू द्या. आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडू द्या. आणि वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय?' असं विचारू नका.

माझ्यासमोर अशाही आया आहेत, ज्या दिवसभर विडी वळतात आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांना वाटतं, हे काम आपलं नाही. बायांनो, ते तुमचंच आहे. मूल पुस्तक मिटेल तेव्हा त्याला जवळ घ्या आणि तुमच्या तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत विचारा, 'मग पुढं काय झालं?' मराठीत वाचलेली गोष्ट ते आपल्या घरच्या बोलीत सांगू लागेल. दोन्ही भाषा त्याच्याच होतील, आणि उद्या ते आणखी एक पुस्तक घेऊन येईल.