चारित्र्य आणि नेतृत्व



१९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथील खादी प्रदर्शनाच्या दारावर दुर्गाबाई नावाची १४ वर्षांची स्वयंसेविका उभी होती. जवाहरलाल नेहरू आले. परंतु त्यांच्यापाशी तिकीट नव्हते. तिने त्यांना अडवले. संयोजकांनी तिला दटावले, तरी तिकीट काढल्यावरच तिने वाट दिली. नेहरूंनी तिच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक केले.

१९५३ मध्ये याच दुर्गाबाईंचा विवाह देशाचे तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. साक्षीदारांत नेहरू होते. महाडजवळील नाते येथे जन्मलेल्या चिंतामणरावांना मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवणे अन्यायाचे वाटले. १९५६ मध्ये त्यांनी नेहरूंच्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पद सोडले, सेवा सोडली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी याच शहरात भूषविले.

एकीने बालवयात थोरांपुढे नियम राखला. दुसऱ्याने प्रौढपणी तत्त्वासाठी सत्ता सोडली. दोघांचे नेतृत्व चारित्र्यातून उभे राहिले. मात्र काकीनाड्याच्या दारावर दोन व्यक्तींची परीक्षा झाली होती. अडवणारी जितकी खंबीर, तितकाच अडवून घेणाराही मोठ्या मनाचा होता.

लाल दिवा ओलांडणाऱ्या वडिलांना मागे बसलेले मूल टोकते, तेव्हा तेही त्याच दारावर उभे असते. त्याला दटावायचे की थांबायचे, यावर उद्याचा नेता घडतो.