पहारेकऱ्यांची चौकशी



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो ती तिथल्या शिपायांची, रखवालदारांची संघटना बांधण्यापुरती. तेव्हा आज आम्ही विद्यापीठाच्या विद्येवर बोलणार नाही. त्याच्या आवारात काठी घेऊन उभा असतो त्या माणसावर बोलणार आहोत, आणि त्याच्या हातून वावगे घडले तर चौकशी कोणी करायची, यावर.

हकीकत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावची आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाचे स्वतःचे पोलीसदल आहे. कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार आणि पगार विद्यापीठाचा. २०११ च्या नोव्हेंबरात फीवाढीविरुद्ध विद्यार्थ्यांनी आवारातल्या हिरवळीवर तंबू ठोकले. १८ तारखेला भर दुपारी पोलीस ते काढायला गेले. मुले हातात हात गुंफून वाटेवर बसली. तेव्हा एका लेफ्टनंटने मिरचीच्या अर्काचा डबा हलवला आणि, बागेला पाणी घालावे तसा, त्या बसलेल्या रांगेच्या तोंडावरून फवारा फिरवला. त्याचे चित्र जगभर गेले, नावही गेले. आम्ही ते नाव इथे घेत नाही. ते का, हे पुढे कळेल.

ओरड झाली आणि चौकशी नेमली गेली. घटना शोधून काढण्याचे काम क्रोल नावाच्या खाजगी कंपनीकडे, आणि दोष ठरवण्याचे काम विद्यार्थी, प्राध्यापक व कर्मचारी यांच्या समितीकडे. समितीचे अध्यक्ष क्रूझ रेनोसो, शेतमजुराचा मुलगा, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. पण हेच गृहस्थ त्याच विद्यापीठात कायदा शिकवीत आलेले. आणि क्रोलला विद्यापीठाची कामे आधीपासून मिळत होती, असा काही प्राध्यापकांचा आक्षेप होता. म्हणजे स्वतंत्र म्हणावे तर पुरते स्वतंत्र कोणीच नाही.

अहवाल २०१२ च्या मार्चमध्ये निघायचा, तो पोलिसांच्या युनियनने कोर्टातून अडवला. पोलिसाचे नोकरीचे कागद कायद्याने गोपनीय आहेत, हा मुद्दा. शेवटी ११ एप्रिलला तो बाहेर पडला, बहुतेक शिपायांची नावे झाकून. नावे दडवता येणार नाहीत असे अपील कोर्टाने २०१३ मध्ये वर्तमानपत्रांच्या बाजूने ठरवले.

ती युनियन चुकली असे म्हणायला आमची जीभ सहज वळत नाही. आम्ही तेच केले आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटताना, झडतीवरून बाचाबाची झाली आणि रखवालदाराने एका हेल्परच्या डोक्यात काठी घातली. दोघेही आमचेच सभासद. खातेचौकशी बसली, चौकशी अधिकारी मालकाचाच वकील. आरोपपत्रात तारीख चुकली होती. तेवढ्या एका तारखेवर आम्ही केस जिंकलो, रखवालदार कामावर आला, पेढे वाटले. झडतीचा हुकूम कोणी दिला होता, हे कोणी विचारलेच नाही. मालकाला ते नको होते आणि आम्हाला त्याची गरज पडली नाही. हेल्परने पुढल्या महिन्यापासून वर्गणी बंद केली.

डेव्हिसच्या समितीने हे विचारले, आणि म्हणून आम्ही तो अहवाल मानतो. तो डबा दलाच्या मंजूर हत्यारांत नव्हता, त्याचे शिक्षण शिपायांना दिलेले नव्हते, सहा फुटांच्या आतून तो मारायचा नसतो, हे सारे तिने लिहिले. पण तिथे थांबली नाही. तंबूंत बाहेरचे लोक घुसले आहेत या धास्तीवर वरिष्ठांनी टेलिफोनवरून बैठका घेतल्या. खरोखर कोण आहे याची खात्री केली नाही. दुपारची वेळ कुलगुरू लिंडा कटेही यांनी ठरवली. ती गैरसोयीची असून दलाच्या प्रमुखबाईंना त्यांचे मन वळवता आले नाही. आणि या प्रमुखबाईंचे त्यांचेच लेफ्टनंट ऐकत नव्हते. तंबू काढायला कायद्याचा आधार कोणता, हेही कोणी नीट पाहिले नव्हते.

दोष शिडीवर वरपर्यंत चढला. शिक्षा मात्र खालच्या पायऱ्यांवर थांबली. प्रमुखबाई त्याच एप्रिलमध्ये निवृत्त झाल्या, लेफ्टनंट जुलैत बडतर्फ. कुलगुरूंची खुर्ची २०१६ पर्यंत टिकली आणि गेली ती दुसऱ्याच भानगडीत. दाव्याच्या तडजोडीत एकवीस जणांना प्रत्येकी ३०,००० डॉलर मिळाले. लेफ्टनंटला धमक्यांनी मनःस्वास्थ्य गेले म्हणून कामगार-भरपाईच्या कायद्याखाली ३८,०५५. लोक यावर हसले. आम्ही हसलो नाही. कायदा नोकराचा आहे आणि तोही नोकरच होता. हसायचेच तर याला हसा, की इंटरनेटवरची ही बदनामी मागे ढकलण्यासाठी विद्यापीठाने सल्लागारांना निदान १,७५,००० डॉलर दिले.

अहवाल १९० पानांचा आहे. आम्ही शब्दकोश शेजारी घेऊन वाचला, महिना लागला. प्रत बरोबर आणली आहे. ज्यांना चाळायची असेल त्यांनी सभा संपल्यावर भेटावे.